पाणपक्ष्यांसाठी आधी काय घ्यावं: दुर्बीण की सुपरझूम कॅमेरा?

एका मैत्रिणीचा प्रश्न. पैसे एकाच वस्तूचे आहेत, सकाळी तळ्याकाठी फिरायची सवय आहे. (सुपरझूम म्हणजे भिंग न बदलता खूप लांबचं जवळ आणणारा कॅमेरा.)

पक्षी शोधण्यात दुर्बीण सरळ पुढे. दुर्बिणीवर लिहिलेलं 8x42 म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच डोकं काढते. दुर्बिणीतून ती चटकन सापडते, पूर्ण झूम केलेल्या कॅमेऱ्यात मात्र नुसतं पाणीच पाणी! (माझ्याकडे अशा पाण्याचे ढीगभर फोटो आहेत.)

उजाडताना फरक आणखी कळतो. बहुतेक सुपरझूमचा सेन्सर (उजेड टिपणारी चकती) करंगळीच्या नखाहूनही लहान, त्यामुळे अंधुक उजेडात फोटो दाणेदार येतात.

ओळख पटवताना मात्र कॅमेराच. चिखलात शेपूट हलवत फिरणारे तुतवार (काठावरचे छोटे पाणपक्षी) नवख्याला सगळे सारखेच. पायांचा रंग, भुवईची रेघ घरी पुस्तकाशी ताडून बघायची तर फोटो हवा.

वजनात फारसा फरक नाही. दुर्बिणीला बॅटरी लागत नाही, एवढंच.

पक्ष्यांचं वागणं बघत बसायचं असेल तर दुर्बीण घ्या. नोंदी ठेवायच्या असतील, फोटो दाखवून जाणकारांना विचारायचं असेल तर सुपरझूम. मैत्रिणीला मी दुर्बीणच सांगितली.