लँगम्यूर ट्रफ: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नागपुरातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोव्हेंबरमध्ये लँगम्यूर ट्रफ, म्हणजे पाण्यावर एका रेणूइतका जाड थर पसरवून तो दाबण्याचे यंत्र, आला, तेव्हापासून मी त्यावर जवळजवळ रोज काम करतो आहे. टेफ्लॉनचे उथळ पात्र, पाण्याचा पृष्ठभाग आक्रसत नेणारे दोन बॅरियर आणि पृष्ठभागाचा दाब मोजण्यासाठी पाण्याला टेकलेली विल्हेल्मी प्लेट, एवढाच त्याचा पसारा आहे. स्टिअरिक आम्लाचे (हे लांब साखळीचे मेदाम्ल) क्लोरोफॉर्ममधील, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असे द्रावण ५० मायक्रोलिटर सोडले, की घट्ट दाबल्यावर रेणूंचा एकेरी थर सुमारे २१० चौरस सेंटीमीटर जागा व्यापतो, म्हणजे प्रत्येक रेणूच्या वाट्याला ०.२० चौरस नॅनोमीटर येते. हिवाळाभर हा आकडा इतका नेमका येत राहिला, की माझा यंत्रावर पूर्ण विश्वास बसला.

मे महिन्यात मात्र तोच आकडा ०.२३ वर गेला. आधी मी कूलर बंद केला, कारण त्याच्या वाऱ्याने पाणी थरथरत होते आणि त्यासोबत धूळही येत होती. मग पात्र क्लोरोफॉर्मने पुसले, पाणी बदलले, बॅरियर सरकवून नुसत्या पाण्याचा दाब शून्यावर राहतो हे तपासले, तरी फरक पडला नाही. दोष निघाला द्रावणाच्या बाटलीत: सैल बुचातून क्लोरोफॉर्म उडून द्रावण दाट झाले होते आणि मी समजत होतो त्यापेक्षा जास्त रेणू पाण्यावर पसरत होते; थराचे क्षेत्रफळ मी मात्र जुन्याच, कमी संख्येने भागत होतो, म्हणून प्रत्येक रेणूचा वाटा मोठा दिसत होता. तेव्हापासून द्रावण मी रोज सकाळी ताजे करतो.

दाबाचा आलेख रेणू किती दाटले आहेत ते सांगतो, पण काचेवर उचलल्यावर ते कसे उभे आहेत हे सांगत नाही, आणि माझ्या मते नव्या वापरकर्त्याची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. त्यासाठी पाण्यात कॅडमियमचे क्षार घालून काचेवर २० थर चढवले आणि ते दुसऱ्या संस्थेत क्ष-किरणांखाली तपासून घेतले. तांब्यापासून मिळणाऱ्या १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनी, थरांवरून परतणाऱ्या किरणांच्या आलेखात पहिले शिखर १.८ अंशांपाशी, थेट किरणाच्या उजेडात अर्धे बुडालेले दिसले; ५.३ अंशांवरचे तिसरे मात्र स्वच्छ होते. दोन्हींवरून थरांतील अंतर सुमारे ५ नॅनोमीटर येते, म्हणजे अंदाजे २.५ नॅनोमीटर लांबीचे दोन रेणू डोक्याला डोके (आम्लाच्या टोकाला टोक) लावून जवळजवळ ताठ उभे आहेत. कललेले असते, तर हे अंतर कमी भरले असते.

थर चढवणारा दांडा मिनिटाला ५ मिलिमीटर वेगाने उत्तम चालतो, पण त्याचा स्क्रू दर आठवड्याला कसावा लागतो, आणि पात्रावर झाकण नसणे ही नागपूरच्या धुळीत खरी उणीव आहे. आम्ही अॅक्रिलिकची पेटी करून घेतली आहे.