शिक्का हिरवा, उत्तर गुलदस्त्यात

बडोद्यातल्या अलकापुरीच्या एका सुपरमार्केटमधून चिकनचा करी-कट आणला. तुकडे एकसारखे, वास अजिबात नाही. पण ट्रेच्या कोपऱ्यात गुलाबी पाणी साचलेलं आणि वर ‘अँटिबायोटिक-मुक्त’ असा हिरवा शिक्का. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) सापडलेला ई. कोलाय हा जंतू औषधांना दाद देत नाही, हे आमचं रोजचंच. कोंबड्यांना अँटिबायोटिक दिली की असे जंतू बळावतात, म्हणून काउंटरवरच्या भाईंना विचारलं, तपासणी कोण करतं? “बेन, ए तो कंपनीवाळा करता हशे.” झालं!

शिक्का खरा धरला, तरी असे रेझिस्टंट, म्हणजे औषधांना न जुमानणारे जंतू कापताना, पॅक करतानाही चिकटू शकतात. कोलिस्टिन हे आपलं अगदी शेवटच्या फळीतलं औषध. ते कोंबड्यांना द्यायला आपल्याकडे बंदी आली ती थेट २०१९ मध्ये. नीट शिजवलं, आतपर्यंत ७४ अंश, की हे जंतूही मरतात. गोची कच्च्या चिकनच्या पाण्याची. सिंकमध्ये धुतलं की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर. सासूबाईंना हे पटत नाही, त्या हळद-मीठ चोळून धुणारच.

रस्सा फक्कड झाला. तीन तारे, ट्रे गळका नसता तर चार दिले असते.