टीव्हीला संगणक जोडावा की स्ट्रीमिंग स्टिक?

टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडलेल्या संगणकावर कोडी हे चित्रपट-संगीत चालवणारे सॉफ्टवेअर (२०१४ पर्यंतचे एक्सबीएमसी) चालवले, तर साठवलेला जवळपास कोणत्याही स्वरूपातील चित्रपट पाहता येतो आणि सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटासाठी पडद्याचा रिफ्रेश रेटही (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजे करतो तो दर) जुळवता येतो. तो ६० हर्ट्झवरच राहिल्यास एक फ्रेम तीनदा व पुढची दोनदा दिसून कॅमेरा आडवा सरकताना चित्र अडखळते. स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायचे, इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारे छोटे उपकरण) मात्र स्वस्त, आवाज न करणारी आणि रिमोटवर चालणारी असते. शिवाय नेटफ्लिक्सचे ४के चित्र संगणकावर मिळवण्यासाठी ठरावीक ब्राउझर, हार्डवेअर आणि एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारी सुरक्षा प्रणाली) अशी सगळी जुळणी करावी लागते, जी ४के स्टिकमध्ये तयारच असते. स्वतःचा संग्रह नसेल, तर माझ्या मते संगणकाचा खटाटोप करू नये. मांडीवर कीबोर्ड घेऊन चित्रपट पाहणे घरातल्या ज्येष्ठांना रुचत नाही, हे वेगळेच.