हरकत लिहून देणारे कार्यालय : एका सेवेचा अनुभव

शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचा (डीपीचा) भाग नकाशा वाचून दाखवणारे, त्यावर आपल्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर अचूक बसवून देणारे आणि हरकतीचा मसुदाही तयार करून देणारे एक छोटे कार्यालय कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यालगतच्या एका बोळात आहे. एक निवृत्त आरेखक आणि त्यांची सून ते चालवतात. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते देत नाही. आसपासच्या टायपिंगवाल्यांकडे ‘डीपीचे नकाशे करणारे काका’ एवढी चौकशी केली तरी पुरते. मागच्या वर्षी मी त्यांची सेवा घेतली. ज्यांच्या पेठेतल्या मैदानावर किंवा बागेवर उद्या अशीच वेळ येईल, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्या गल्लीच्या मागे खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेली एक जागा आहे. १९९९ साली मंजूर झालेल्या शहराच्या आराखड्यात तिच्यावर हे आरक्षण दाखवलेले आहे. एरवी तिथे मुले खेळतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत खालच्या अंगाच्या घरांतल्या लोकांनी आपल्या दुचाक्या, टेम्पो आणि म्हशी तिथेच आणून लावल्या होत्या. या जागेचा मोठा भाग निवासी वापरासाठी मोकळा करण्याच्या फेरबदलाची सूचना निघाली आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत दिली गेली. आमच्यापर्यंत ही बातमी पोहोचली तेव्हा त्यातले अकराच दिवस उरले होते. सूचनेतून आम्हा सामान्यांना एकच गोष्ट स्पष्ट कळली, की हा फेरबदल शहराने मागितलेला नव्हता, तो वरून, म्हणजे राज्य शासनाकडून आलेला होता.

काकांनी विचारलेला पहिलाच प्रश्न मला अनपेक्षित होता. “ताई, जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे, की नुसती नकाशावर रंगवलेली आहे?” हा प्रश्न का महत्त्वाचा आहे तेही त्यांनी समजावले. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि पुढील चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. अशा जागेसाठी लढायचे झाल्यास आधी महापालिकेला जागे करावे लागते. आमची जागा ताब्यात आलेली होती. प्रॉपर्टी कार्डावरची नोंद पाहून त्यांनी मान हलवली आणि मगच काम हाती घेतले. पैसे घेण्याआधी प्रकरणात दम आहे का हे पाहणारी माणसे या व्यवसायात मला फारशी भेटलेली नाहीत.

या कार्यालयाचा खरा गुण त्यांच्या नकाशात आहे. मंजूर आराखड्याचा भाग नकाशा, सिटी सर्व्हेची हद्द आणि पाटबंधारे खात्याच्या पूररेषा हे तिन्ही एकाच कागदावर, एकाच प्रमाणात आणून त्यांनी दाखवले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मी ऐकून होते; पण आमचे मैदान या दोन रेषांच्या वर आणि त्याच्या पायथ्याची वस्ती दोन्हींच्या मध्ये आहे, हे कागदावर पाहिल्यावर मैदानाचे महत्त्व एका दृष्टिक्षेपात लक्षात आले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. पाणी चढल्यावर म्हैस कुठे बांधायची हे ठाऊक असलेल्या गावाच्या जमिनीचा निर्णय ज्यांनी ते पाणी पाहिलेले नाही त्यांनी करावा, ही गोष्ट मला त्या टेबलापाशी बसल्यावर पहिल्यांदा नीट बोचली.

मसुदा काकांच्या सुनेने लिहिला आणि तो मला सर्वांत अधिक आवडला, कारण त्यात कोठेही विनवणी नव्हती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातील कलम ३७ दोन वाटा देते. एका वाटेने नियोजन प्राधिकरण, म्हणजे आपली महापालिका, स्वतः फेरबदल सुचवते. दुसरी वाट पोटकलम (१कक) ची आहे आणि तिच्यात राज्य शासन स्वतःहून सूचना काढून हरकती मागवते. मात्र या दुसऱ्या वाटेला कायद्यानेच कुंपण घातलेले आहे : बदल सार्वजनिक हितासाठी तातडीने आवश्यक असला पाहिजे, त्याने आराखड्याचे स्वरूप बदलता कामा नये आणि मंजुरीपूर्वी नियोजन प्राधिकरणाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. हरकतीत तिन्ही मुद्दे सरळ प्रश्नांच्या रूपात होते. इतकी वर्षे मैदान म्हणून वापरात असलेल्या जागेवर आज अशी कोणती तातडी उपस्थित झाली? परिसरातले एकमेव मैदान गेले तर त्या भागापुरते आराखड्याचे स्वरूप टिकते का? आणि प्राधिकरणाचे म्हणणे म्हणून नेमके कोणाचे ऐकले जाणार?

तिसऱ्या प्रश्नावर मी आणखी थोडे लिहिणार आहे, कारण सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. प्रशासक शासनच नेमते. त्या काळात शासनाने प्राधिकरणाचे म्हणणे ऐकले असे कागदावर लिहिले, तर त्याचा अर्थ शासनाने आपल्याच अधिकाऱ्याचे ऐकले एवढाच होतो. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी तो मतदारांना बांधील नसतो. नगररचना आणि जमीन-वापराचे नियमन हे विषय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पहिल्या दोन क्रमांकांवर आहेत आणि ते नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवावेत या हेतूने ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून अमलात आहे. तीस वर्षांनंतरही शहराचा आराखडा राज्याच्या सहीशिवाय अंतिम होत नाही आणि अंतिम झालेला आराखडा राज्य स्वतःहून बदलू शकते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीने राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच माप लावले. नियम एका ठिकाणी सापडण्याची सोय झाली, हे मान्य करूनही त्या मापात पंचगंगेचा पूर बसतो का हा प्रश्न माझ्या दृष्टीने शिल्लकच आहे. भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ साली वेगळे विकास प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हाही त्या गावांतल्या जमिनीच्या नियोजनाची सूत्रे ग्रामसभांपासून लांबच गेली.

महासभेतही आरक्षणे उठवण्याचे ठराव होतात, नगरसेवकही बिल्डरांचे ऐकतात, असे यावर सांगितले जाते आणि ते खोटे नाही. परंतु नगरसेवकाला आपण तालमीच्या कट्ट्यावर गाठून जाब विचारू शकतो आणि पुढच्या निवडणुकीत घरी बसवू शकतो. मंत्रालयातल्या टेबलापर्यंत आमच्या गल्लीतल्या कोणाचाही हात पोहोचत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एन्सिनिटास नावाचे एक लहान शहर आहे. तेथील मतदारांनी २०१३ मध्ये असा प्रस्ताव प्रत्यक्ष मतदानाने मंजूर केला, की जमीन-वापरातले मोठे बदल मतदारांच्या संमतीविना होऊ नयेत. पुढे राज्याच्या गृहनिर्माण कायद्याशी त्याचा संघर्ष होऊन प्रकरण न्यायालयात गेले. घरे पुरेशी बांधली गेली पाहिजेत हा तेथील राज्याचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. तरीही शहराने मतदान करून ठरवलेली गोष्ट राज्याने बाजूला सारणे मला अयोग्यच वाटते. आपल्याकडे तर असे थेट मतदान मुळातच नाही. आपल्या हातात नगरसेवकाला दिलेले मत आणि हरकतीचा एक कागद एवढेच असते, म्हणून तो कागद नीट लिहिला जाणे मला फार मोलाचे वाटते.

सेवेतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी दिलेली नकाशाची प्रत झेरॉक्स करताना आकसली होती आणि त्यामुळे प्रमाण चुकले होते. मी घरी पट्टीने मोजले नसते तर तीच दाखल झाली असती. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही न बोलता मूळ प्रमाणातली प्रत विनामूल्य दिली, पण अकरा दिवसांतला एक दिवस गेला तो गेलाच. मसुद्याची भाषा काही ठिकाणी इतकी कायदेशीर होती, की सह्या घेताना शेजारच्या आजींना प्रत्येक परिच्छेद सोपा करून सांगावा लागला. सुनावणीला ते सोबत येत नाहीत, हे आधीच विचारून घ्यावे. शुल्क नकाशासह १,२०० रुपये झाले. गल्लीतल्या चाळीस घरांनी मिळून भरल्यामुळे ते कोणालाही जड गेले नाही.

सुनावणीत आम्हाला जेमतेम सात-आठ मिनिटे मिळाली. तेवढ्या वेळात पूररेषांचा तो नकाशा टेबलावर उलगडून ठेवला, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी चष्मा लावून तो स्वतःकडे ओढला आणि वस्ती नेमकी कोणती ते विचारले. निर्णय अद्याप आलेला नाही. नव्या सभागृहापुढे हा विषय चर्चेला घ्यावा, असे पत्र आम्ही प्रभागातल्या चारही नगरसेवकांना दिले आहे आणि तेही याच कार्यालयातून लिहून घेतले आहे.

कार्यालय सकाळी अकरानंतर उघडते आणि दुपारी दोन ते चार बंद असते. जाताना प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा, प्रसिद्ध झालेल्या सूचनेची पूर्ण प्रत आणि जागेची वेगवेगळ्या ऋतूंतली छायाचित्रे सोबत न्यावीत. हरकत दाखल करताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, असे काकांनी मला दोनदा बजावले होते.