पत्रकावरचा तो माणूस मीच, पण मला गुण आलेला नाही

चार दिवसांत अकरा फोन आले. "अरे, तुझो फोटो बघलंय पत्रकावर. गुण इलो काय?" शेजारच्या तालुक्यात मणक्याच्या शिबिराची पत्रकं वाटलीत, त्यावर हातात पितळी दांडी धरून हसणारा टक्कलवाला माणूस मीच. गुण आलेला नाही. 42,940 रुपये गेलेत. चारचौघांत सांगणार नव्हतो, पण माझंच थोबाड दाखवून दुसऱ्याला गंडवणार असतील तर लाज बाजूला ठेवतो.

एक आधीच सांगतो. मी अडाणी नाही. 27 वर्षं पतपेढीत कॅशियर होतो, खोटी नोट बोटाला लागली की कळायची. मे महिन्यात शेवटच्या आंब्यांच्या पेट्या टेम्पोत चढवताना कमरेत चमक भरली आणि डाव्या पायातून पोटरीपर्यंत उतरली. रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं. गावात हाडांचा डॉक्टर नाही. एमआरआय म्हटलं की आमच्या सिंधुदुर्गातल्या गावची माणसं कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. पाऊस तोंडावर, घाटातून एसटीत चार तास बसायचं कसं? अशात पेपरातून पत्रक आलं: मान, पाठ, कंबर, मणक्याची संगणकीय तपासणी, मोफत. तारीख कुठली, तर जूनचा पहिला रविवार. आंब्याचा हिशेब नुकताच मिटलेला, पैसा घरात. आमचा हंगाम त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळतो.

बायको तेव्हाच म्हणाली, "हातात दांडी धरून मणको दिसता, तर ते गोव्याचे डागतर माणसाक त्या बोगद्यात कित्याक घालतत?" मी तिच्यावर खेकसलो. पुढचं लिहिताना तेच आठवतंय.

मंगल कार्यालयात समई, नारळ, गावातल्या पुढाऱ्यासोबत फोटो, सगळं रीतसर. मोफत म्हणजे नोंदणीचे 100 आणि रिपोर्टच्या छपाईचे 350. पांढऱ्या कोटातल्या मुलीने माझं नाव, वय, उंची, वजन लॅपटॉपमध्ये घातलं, वायर लावलेली दांडी मुठीत दिली आणि मिनिटभर हलू नका म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. हसलो, काय करणार. मग प्रिंटरमधून गरम गरम 39 पानं निघाली. ज्या मानेत मला कधी साधी कळही आली नव्हती, तिथे 62 टक्के ब्लॉकेज. लाल खुणा. पक्षाघाताचा धोका.

आता इथे नीट वाचा, कारण मी इथेच उठून चालू लागायला हवं होतं. एकतिसाव्या पानावर माझ्या अंडाशयाची तपासणी होती. गर्भाशयाला सौम्य सूजही होती. मी पान त्या मुलीपुढे धरलं. ती दचकलीसुद्धा नाही. "सॉरी काका, सेटिंग फीमेल राहिलं," म्हणत तिने एक क्लिक केलं आणि नवी 39 पानं काढून दिली. दांडी टेबलावर पडलेली होती. ती मी पुन्हा हातात घेतलीच नव्हती! मग पुरुषाचे नवे आकडे आले कुठून? दिवसअखेर दोन रुपयांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून शोधणारा माणूस मी. आणि तिथे मी काय केलं? "होतं असं कधी कधी" म्हणून तिलाच धीर दिला. मागे चाळीस माणसं रांगेत, पाय ठणकत होता, समोर ओळखीचे चेहरे. तुम्हीही गप्प बसला असता. निदान मी तसं स्वतःला सांगतो.

पडद्यामागे 'सर' बसलेले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत होते. ते स्वतः एकदाही म्हणाले नाहीत, पण कुणाला नाहीही म्हणाले नाहीत. कुणीही मणक्याला हात लावण्याआधी पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या साइटवर नाव टाकून बघता येतं, दोन मिनिटांचं काम. सरांनी मला पलंगावर झोपवलं नाही, पाय उचलून पाहिला नाही, कुठे दुखतं हेही विचारलं नाही. "ऑपरेशन टाळायचंय ना?" एवढंच. चुंबकीय गादी 38,500 ची, शिबिरात 27,500. पट्टा 4,200. तेल आणि कॅप्सूल, तीन महिन्यांचं, 8,640. तिथल्या तिथे यूपीआयने 15,000 भरले, उरलेले 25,340 चौथ्या दिवशी गादी घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याच्या हातात रोख. पावतीवर 'एस्टिमेट' छापलेलं, जीएसटी नंबर नाही. कॅशियरने ती घडी घालून पाकिटात ठेवली.

सप्टेंबरपर्यंत पट्टा आवळून त्या गादीवर झोपलो. दुखणं तसूभर हललं नाही. फोन केला तर माल परत घेतो म्हणाले, फक्त "रिफंडची प्रोसेस फी" 2,150 भरा. भरले. हो, तेही भरले. आपलेच पैसे परत मिळवायला पैसे मागितले की फोन ठेवा. त्या दिवसानंतर नंबर बंद.

शेवटी कुडाळला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. फी 400. त्यांनी आधी वीस मिनिटं नुसतं विचारलं: लघवी-संडासवर ताबा आहे ना, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा नाही ना, ताप, वजन घटणं? यातलं काही असतं तर त्याच दिवशी ॲडमिट, म्हणाले. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाचा अंगठा दाबून जोर बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. अर्ध्यावर जाण्याआधीच पोटरीपर्यंत वीज गेली. नस दबतेय, पण जोर शाबूत आहे, एमआरआय आत्ता नको, रोज चाला, हे व्यायाम करा, पट्टा काढून टाका. मी 39 पानं पुढे केली तर शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, हे वाचलंत का? मुंगीएवढ्या अक्षरांत: हा रिपोर्ट केवळ संदर्भासाठी, निदानासाठी नाही. तळातलं आधी वाचा.

आता तक्रारीची कथा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "गादी मिळाली ना? मग फसवणूक कसली?" आरोग्य खात्यात गेलो. "इंजेक्शन दिलं का? नाही? मग आमचा विषय नाही." कॅप्सूल घेऊन आणखी एका कचेरीत गेलो, तिथे साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेलो, साहेब रजेवर. हॉलवाला म्हणे, आम्ही फक्त भाडं घेतलं. मुंबईच्या भाच्याने शोधून दिलं की पक्षाघातासारखे आजार बरे करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे, आणि नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणं हा महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. दोन्ही कागद छापून परत ठाण्यात गेलो. "आम्हाला कायदा शिकवू नका, काका." अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळायला तिसरी खेप लागली. पुढाऱ्याचा फोटो असलेलं पत्रक दाखवल्यावर हवालदाराचा सूरच बदलला, "साहेबांका कशाक मदी घेतात?" एकंदर पाच खेपा, एसटीचे 680. हे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. गादी माझ्याकडे आणि तोंड लपवायचीही पाळी माझ्याकडेच.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला तो 19 दिवस उशिरा, आणि त्यांच्याकडे नोंद होते ती ऑनलाइन गेलेल्या पैशांची. रोख दिलेल्याला पुरावा नाही, म्हणून गादीवाल्याला रोख देऊ नका. पैसे गेले त्याच तासाला फोन करा, लाजत बसू नका, मी बसलो. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. माझा अर्ज तिथे गेलाय. तो 'एस्टिमेट' जपून ठेवला हे एकच शहाणपण.

गादी कोयत्याने फाडली. आत काथ्या आणि 48 काळ्या चकत्या, जुन्या स्पीकरमागे असतात तशा. नातवाने सगळ्या फ्रिजवर चिकटवल्यात. बायको दूध काढताना दर वेळी एक खाली पाडते आणि माझ्याकडे बघते.

नवं शिबिर येत्या रविवारी दहाला आहे. दोन्ही रिपोर्ट, अंडाशयवाला आणि पुरुषाचा, एकावर एक टाचून मी नऊलाच हॉलच्या दारात उभा राहणार आहे. पत्रकावरचा चेहरा बघून ओळखाल.