दहा वर्षांखालच्या खेळाडूचा लॅक्रॉस शाफ्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सी, मेरीलँडकडच्या मराठी घरांतली मुलं लॅक्रॉसला (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा मैदानी खेळ) जायला लागली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: काठीचा दांडा, म्हणजे शाफ्ट, कार्बनचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा? मार्च ते ऑक्टोबर दोन्ही प्रकार मुलांच्या हातात राहिल्यावर आमचं उत्तर असं, की साधा ६००० मालिकेतला (हा मिश्रधातूचा प्रकार) अ‍ॅल्युमिनियमचा घ्या आणि खरं लक्ष लांबीकडे द्या.

दुकानातला आखूड शाफ्ट ३० इंचांचा असतो. हेड, म्हणजे चेंडू धरणारं जाळीचं टोक, बसवलं की अख्खी स्टिक ४० इंचांच्या आसपास जाते. यूएसए लॅक्रॉस या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत १० वर्षांखालच्या मुलग्यांना ३७ ते ४२ इंच चालतात. सव्वाचार फूट उंचीच्या मुलाला ४० इंच जड जातात. खालचा हात टोकापाशी राहत नाही, वर सरकतो, आणि मागे उरलेला दांडा चेंडू झुलवताना बरगडीला अडतो. मग फेक खांद्यातून येतच नाही, चेंडू नुसता ढकलला जातो. अडीच इंच कापल्यावर हात आपोआप जागेवर आला.

कापायचं मागच्या टोकाकडून, कारण पुढच्या टोकाला स्क्रूचं भोक असतं. हेड बसवूनच पूर्ण लांबी मोजा. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळा आणि इंचाला २४ किंवा ३२ दाते असलेल्या हॅकसॉ पात्याने सावकाश कापा. पाइप कटर नको. शाफ्ट अष्टकोनी, त्यामुळे चाक कोपऱ्यांवर उड्या मारतं. आतबाहेरची कड कानशीने घासून रबरी टोपण घट्ट बसवा, वरून टेप. टोपणाशिवाय पंच ती स्टिक चालवून घेत नाहीत, आणि बरोबरच आहे: उघड्या नळीची कड अंगात घुसते.

आता कार्बन. हलका आहे, आणि मार्चच्या गारठ्यात अ‍ॅल्युमिनियमसारखी बोटं बधिर करत नाही, हे खरं. (अ‍ॅल्युमिनियमवर कापडी टेप गुंडाळली की तो त्रास बराच कमी होतो.) पण फटके खाऊन अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, तो वाकतो, आणि ते डोळ्यांना दिसतं. कार्बन आतून उकलतो आणि वरून धड दिसतो. आमच्याकडचा एक ऑगस्टमध्ये वरच्या हाताखाली मोडला. त्या जागी आधी केसाएवढी रेघ होती, ती रंगाचा ओरखडा वाटली. अशा रेघेवरून नख फिरवा. नख अडलं तर शाफ्ट बाद, त्याच दिवशी. मोडलेल्या टोकाचे तंतू सुयांसारखे असतात, उघड्या हाताने उचलू नका.

जूनपासून हेड डुगडुगायला लागलं. दर सरावाआधी स्क्रू आवळत राहिल्याने हेडच्या प्लास्टिकमधलं भोक रुंदावतं, हे कारण. हेड काढून शाफ्टच्या टोकाला टेपचा एक वेढा द्या, हेड दाबून बसवा, स्क्रू हाताच्या पेचकसाने अडेल तेवढाच फिरवा. ड्रिल लावूच नका. मुलींच्या स्टिकमध्ये आणखी एक घोळ: काही शाफ्ट ७/८ इंच जाडीचे असतात, त्यांवर १ इंची शाफ्टसाठीचं हेड सैलच बसणार.

७००० मालिकेचा शाफ्ट वजनाला कमी आणि जास्त टणक, पण या वयात गरज नाही. वर्षभरात मूल वाढतं, कापलेला शाफ्ट धाकट्याकडे जातो. नवा ३० इंचीच घ्या, आणि करवत हातात घेण्याआधी पुढच्या वयोगटाची किमान लांबी तपासा.