रिकव्हरी डिस्कशिवाय विंडोज परत बसवताना : मीडिया क्रिएशन टूलचे परीक्षण

लॅपटॉपमधले रिकव्हरीचे पार्टिशन, म्हणजे विंडोज परत बसवण्याची सामग्री असलेला डिस्कचा वेगळा भाग, मी काही वर्षांपूर्वी, केवळ थोडी जागा मोकळी व्हावी म्हणून, स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते. त्या काटकसरीचा हिशेब विंडोज सुरू होईनासे झाले त्या दिवशी चुकता झाला. लॅपटॉपसोबत रिकव्हरी डिस्क आलेली नव्हती. ती घेणाऱ्याने सुरुवातीलाच स्वतः करून ठेवायची असते, आणि ते काम मी पुढे ढकलत ढकलत विसरलो होतो. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारे मीडिया क्रिएशन टूल, म्हणजे विंडोज बसवण्यासाठीचा पेन ड्राइव्ह तयार करून देणारे साधन, वापरून विंडोज ११ नव्याने बसवले. हे परीक्षण त्याच साधनाचे आहे.

ज्यांचे रिकव्हरी पार्टिशन शाबूत आहे त्यांना या साधनाची गरज बहुधा पडणार नाही. विंडोज सुरू होताना लागोपाठ अडखळले की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो आणि तेथून ‘रिसेट धिस पीसी’ निवडता येते. मे २०२० च्या विंडोज १० अपडेटपासून त्यात ‘क्लाउड डाउनलोड’चा पर्यायही आहे; त्यात सुमारे ४ जीबीची ताजी प्रत इंटरनेटवरून उतरवली जाते, त्यामुळे लॅपटॉपमधल्या सिस्टिम फाइली बिघडलेल्या असल्या तरी अडत नाही.

मीडिया क्रिएशन टूलला विंडोज चालणारा दुसरा संगणक आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. पेन ड्राइव्हवरचा सर्व मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे. पुढचे काम ते निमूटपणे करते. आयएसओ फाइल (विंडोजची संपूर्ण डिस्क एकाच फाइलीत) उतरवून हाताने पेन ड्राइव्ह बनवू पाहणारे अनेकदा फॅट३२ च्या मर्यादेला अडतात, कारण पेन ड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि आयएसओमधली मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठीच असते. ही अडचण हे साधन परस्पर सोडवते. विंडोजचा दुसरा संगणक हाताशी नसेल तर मात्र त्याचा काहीच उपयोग नाही.

प्रॉडक्ट कीची, म्हणजे विंडोजचा परवाना सिद्ध करणाऱ्या क्रमांकाची, धास्ती बहुतेकांना असते, पण ती अनाठायी आहे. विंडोज ८ पासून पुढे, कारखान्यातच विंडोज बसवून आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच कायम बसवलेल्या प्रणालीत) साठवलेली असते. इन्स्टॉलर ती वाचतो, होम की प्रो हे स्वतः ठरवतो, आणि इंटरनेट मिळताच विंडोज सक्रिय होते. डिस्क बदलली तरी यात फरक पडत नाही. विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपवर की खालच्या बाजूच्या स्टिकरवर असे, आणि मांडीच्या घर्षणाने ती कधीच पुसून गेलेली असे.

खरी कसोटी लागली ती पुढे. ‘विंडोज कोठे बसवायचे’ या पडद्यावर यादी कोरी होती, एकही डिस्क दिसेना. एसएसडी (लॅपटॉपची डिस्क) मेली असे मी धरूनच चाललो होतो. प्रत्यक्षात अडचण इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क हाताळणाऱ्या व्यवस्थेची होती, जी ११व्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुष्कळ लॅपटॉपांत चालू ठेवलेली असते आणि जिचा ड्रायव्हर (ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम) इन्स्टॉलरपाशी नसेल तर डिस्क दिसत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्यासाठीचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन तो त्याच पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवला आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबले, तेव्हा यादीत डिस्क आली. वाय-फायचाही ड्रायव्हर नव्हता. तेथे फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केल्यावर, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला दिल्यावर, काम भागले. पेन ड्राइव्ह तयार होताच हे दोन ड्रायव्हर शोधून ठेवण्याची सूचना या साधनाने एका ओळीत दिली असती तर बरे झाले असते. माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

जुने पार्टिशन पुसण्यापूर्वी एसएसडी काढून, यूएसबी एनक्लोजरमध्ये (डिस्क यूएसबीने जोडण्याच्या डबीत) घालून, मी फाइली दुसऱ्या संगणकावर घेतल्या. त्या वेळी विंडोजमधल्या बिटलॉकरने, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीने, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली होती म्हणून निभावले; की नसती तर त्या फाइलींवर पाणीच सोडावे लागले असते.

अशा रीतीने बसवलेले विंडोज स्वच्छ असते. चाचणीपुरते दिलेले अँटिव्हायरस आणि कंपनीच्या जाहिराती परत येत नाहीत, याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र बॅटरी ठरावीक टक्क्यांपर्यंतच चार्ज करणारी सोय आणि काही विशेष कळा चालवणारे प्रोग्रॅमही त्यांच्याबरोबर जातात, ते कंपनीकडून वेगळे घ्यावे लागतात.

टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी मी हे साधन सुचवणार नाही. त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० बसवावे तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.